पेंटेकॉस्टची सहल : जिनोआला किती वेळ द्यायचा?

प्रेषक: सहल समिती
विषय: पेंटेकॉस्टची सहल – कच्चा आराखडा

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या कार्यक्रमात ठरल्याप्रमाणे आपल्या मराठी मंडळाची यंदाची सहल इटलीच्या समुद्रकिनारी. शनिवार, रविवार आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीचा सोमवार असे तीन दिवस. आतापर्यंत २६ जणांनी नावं दिली आहेत. त्यात सहा मुलं आहेत आणि पाच ज्येष्ठ. तिघांचे आईबाबा खास या दिवसांत भारतातून येत आहेत.

सध्याचा विचार असा: शनिवारी सकाळी झ्युरिकहून निघायचं, मिलानोला गाडी बदलायची, दुपारी जिनोआला उतरून जेवायचं, बंदरावर एक चक्कर मारायची आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे. रविवारी चिंक्वे तेर्रेची पाच गावं, सोमवारी पोर्तोफिनो करून परत.

ज्यांनी हा भाग पाहिला आहे त्यांनी कृपया लिहावं. ज्येष्ठांना चालणं कितपत झेपेल आणि शाकाहारी मंडळींचं जेवण कसं होईल, हे दोन प्रश्न मुख्य आहेत.

– सहल समिती


प्रेषक: विंटरथूरचे काका
विषय: उत्तर: पेंटेकॉस्टची सहल – कच्चा आराखडा

सर्वांना सप्रेम नमस्कार.

समितीने एवढी तयारी केली आहे, त्यात मोडता घालायची इच्छा नाही. पण जिनोआला जेवणापुरतं उतरून पुढे जायचं, हे मराठी मंडळाने तरी करू नये असं मला मनापासून वाटतं. मी कामानिमित्त त्या शहरात वर्षभर राहिलो आहे. माझी विनंती अशी की तिन्ही दिवस जिनोआतच राहू या.

पहिलं कारण मॅझिनी, इटली एक व्हावी आणि प्रजासत्ताक व्हावी म्हणून झगडलेला क्रांतिकारक. जोसेफ मॅझिनीचा जन्म या शहरातला, २२ जून १८०५ चा. लोमेल्लिनी रस्त्यावरचं त्याचं जन्मघर आज इटलीच्या स्वातंत्र्यलढ्याचं संग्रहालय आहे. आपल्या घरांत हे नाव कसं आलं ते आठवा. सावरकर १९०६ मध्ये बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले आणि पहिल्या काही महिन्यांतच त्यांनी मॅझिनीचं लेखन मराठीत आणलं. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव यांनी ते १९०७ मध्ये भारतात छापून घेतलं. सरकारने पुढे त्यावर बंदी घातली, पण तोवर त्याची प्रस्तावना पोरांनी पाठ केली होती. माझ्या आजोबांना त्यातले उतारेच्या उतारे म्हणता यायचे. जिनोआ कुठे आहे हे नकाशावर दाखवता न येणाऱ्या नाशिक-पुण्याच्या मुलांना तिथल्या एका माणसाचं म्हणणं तोंडपाठ होतं! त्या माणसाच्या दारावरून आपण पोर्तोफिनोची गाडी पकडायला धावत जाणार का?

त्याची समाधी स्तालिएनोच्या दफनभूमीत आहे. शहराच्या मागच्या बिसान्यो नदीच्या खोऱ्यात, झाडीने भरलेल्या उतारावर. दोन ठेंगणे, जाडजूड दगडी खांब, वर आडव्या दगडावर कोरलेलं नाव. त्याच्या आईला, मारिया द्रागोलाही तिथेच पुरलं आहे. मुलाचं बहुतेक आयुष्य हद्दपारीत गेलं, पण ती त्याला पत्रं लिहीत राहिली, पैसे पाठवत राहिली. मॅझिनी १० मार्च १८७२ ला पिसा शहरात वारला, तेव्हाही तो खोट्या नावाने राहत होता. इटली एक झाली होती, पण राजाची झाली होती. त्याला हवं होतं ते प्रजासत्ताक यायला १९४६ साल उजाडलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या खांबांपाशी बराच वेळ उभा होतो. कुणाला सांगावं असं जवळ कोणी नव्हतं. यंदा २६ जण असतील.

स्तालिएनो म्हणजे नुसती स्मशानभूमी समजू नका. १८५१ मध्ये ती उघडली आणि तिच्या लांबलचक ओवऱ्यांमधून संगमरवरी माणसं उभी आहेत. त्यांच्या अंगावरच्या लेसचा धागान् धागा दगडात मोजता येतो. बहुतेक सगळे पैसेवाले व्यापारी. त्यांच्यात एक म्हातारी आहे, कातेरिना काम्पोदोनिको. ही बाई जत्रांतून हेझलनटच्या माळा आणि गोल कडबोळ्यांसारखे पाव विकायची. पैपै साठवून तिने जिवंतपणीच, १८८१ मध्ये, स्वतःचा पुतळा करून घेतला. हातात त्याच माळा आणि तेच पाव, अंगावर सणाचे कपडे. तिच्यासमोर उभं राहिलं की मला आमच्या गावच्या जत्रेतल्या फुटाणेवाल्या मावशी आठवतात.

दुसरं कारण खुद्द बंदर. पालात्सो सान जॉर्जो ही १२६० ची इमारत बंदरासमोरच आहे. १२९८ च्या लढाईत व्हेनिसचा पराभव झाला, मार्को पोलो जिनोआच्या कैदेत सापडला, आणि परंपरा सांगते की त्याला इथेच ठेवलं होतं. कैदेतला सोबती, पिसाचा लेखक रुस्तिकेल्लो, याला त्याने आपला प्रवास सांगितला आणि तो ग्रंथ झाला. त्या ग्रंथात आपलं ठाणं आहे! ठाण्याचं राज्य, तिथला तपकिरी ऊद, सुती कापड, जहाजांतून उतरणारे घोडे आणि खाडीतून निघणारे चाचे, ज्यांच्याकडून राजा फक्त घोडे घ्यायचा. आपल्यातल्या ठाणेकरांनी त्या इमारतीसमोर एक फोटो काढलाच पाहिजे.

आणि बंदरासमोरच्या सोत्तोरिपाच्या कमानींखालून आत शिरलं की कारुज्जी, म्हणजे बोळ. इतके अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतात, वर सहा-सात मजले आणि त्यांच्यामध्ये आकाशाची चिंधी. बोळातून बाहेर पडलात की एकदम गॅरिबाल्डी रस्ता, आणि दोन्ही बाजूंना महाल. या महालांची सरकारी यादी असायची. परदेशचा पाहुणा आला की यादीप्रमाणे त्याला एखाद्या घराण्याकडे उतरवत. त्या याद्यांना रोल्ली म्हणत. त्यातल्या ४२ महालांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. तुर्सी महालात जिनोआच्या विख्यात व्हायोलिनवादक पागानिनीचं १७४३ चं व्हायोलिन आहे. आवाजाच्या ताकदीमुळे तो त्याला तोफ म्हणायचा.

चिंक्वे तेर्रे सुंदर आहे, पण त्या सुट्टीत तिथल्या फलाटांवर उभं राहायलाही जागा नसते. समुद्रच हवा असेल तर बोक्कादास्से हे कोळ्यांचं जुनं गाव शहरातच आहे, बसने जाता येतं.

लांबलं पत्र. क्षमस्व.


प्रेषक: बाझेलच्या काकू
विषय: उत्तर: उत्तर: पेंटेकॉस्टची सहल – कच्चा आराखडा

काका, तुमचं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती ८१ वर्षांची आहे आणि येणारच म्हणते आहे.

जेवणाचं मी सांगते. शाकाहारी माणसाने डोळे मिटून जावं असं इटलीतलं शहर असेल तर हे. फारिनाता म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल. पीठ काही तास भिजवून ठेवतात, मग तांब्याच्या भल्यामोठ्या पसरट परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आतून मऊ. पिठल्याची आठवण येते पण पिठलं नाही, धिरड्याची येते पण धिरडंही नाही. गरम असतानाच खायचं, मिरपूड भुरभुरून. पानिस्सा तर सरळ आपली पाटवडी, थापून, कापून तळलेली. आणि कुकुल्ली म्हणजे चण्याच्या पिठाची भजी. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, ओवा विसरले बघ हे लोक.

मात्र तीन गोष्टी विचारून घ्या. फारिनातावर कधी बारीक मासळी किंवा सॉसेज घालतात. तोर्ता पास्क्वालिना पालेभाजीची दिसते, पण आत अख्खी अंडी असतात. आणि पेस्तोत, म्हणजे बेसिलच्या हिरव्या चटणीत, पार्मेझान चीज असतं, ते वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. कडक शाकाहारी असतील त्यांनी चीज न घातलेला पदार्थ मागावा. पेस्तोत लसूणही असते, त्यामुळे जैन मंडळींसाठी मी थालीपिठं आणि दशम्या बांधून आणीन. अक्रोडाच्या सॉसमधल्या पान्सोतीत (पालेभाजी भरलेला पास्ता) देखील चीज असतं, बाकी ती फार छान.

चालण्याबद्दल: शहर डोंगराला टेकून चढत गेलं आहे. मागच्या खेपेला आम्ही नकाशात जवळ दिसलं म्हणून एक हॉटेल घेतलं. पाचशे मीटर लिहिलं होतं, ते सगळे पायऱ्यांचे निघाले. बॅगा घेऊन यांचा गुडघा तिथेच गेला आणि पुढचे दोन दिवस आम्ही खोलीत काढले. म्हणून हॉटेल प्रिंचिपे स्टेशनजवळ सपाटीवरच घ्या. वर जायला सार्वजनिक लिफ्ट आहेत. पोर्तेल्लो चौकातल्या लिफ्टने कास्तेल्लेत्तोच्या सज्जावर गेलं की सगळी पाटीची छपरं, बंदर आणि लांतेर्ना दिसते. आत्ताचा तो दीपस्तंभ १५४३ चा. आईला तिथे बाकावर बसवणार आहे, संध्याकाळी.


प्रेषक: बाडेनहून
विषय: मुलांसाठी?

नमस्कार काका, काकू.

आमची दोघं ९ आणि १४ वर्षांची. समाधी, महाल यांत त्यांचं मन लागेल का, ही माझी खरी काळजी आहे. मत्स्यालय चांगलं आहे असं ऐकते.


प्रेषक: विंटरथूरचे काका
विषय: उत्तर: मुलांसाठी?

ताई, नक्की लागेल.

मत्स्यालय जुन्या बंदरातच आहे. कोलंबसच्या सफरीला ५०० वर्षं झाली म्हणून १९९२ मध्ये तिथे जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा रेंझो पियानो या जिनोआच्याच वास्तुरचनाकाराने बंदराचा हा भाग नव्याने उभा केला. शार्क, डॉल्फिन, पेंग्विन सगळं आहे. शेजारच्या गालाता सागरी संग्रहालयापाशी नाझारिओ साउरो ही खरी पाणबुडी पाण्यात बांधलेली आहे, आत उतरता येतं. त्याच संग्रहालयात अर्जेंटिना-अमेरिकेला गेलेल्या इटालियन स्थलांतरितांचं दालन आहे. जहाजातल्या त्यांच्या झोपायच्या जागा जशाच्या तशा मांडल्या आहेत. तिथे मुलांबरोबर तुम्हीही थांबा. आपण सगळे विमानाने आलो, पण मागे ठेवून आलेलं सामान तेच आहे.

१४ वर्षांच्या मुलाला एक सांगून ठेवा. त्याच्या जीन्सचं नाव जिनोआवरून पडलं. जिनोआचं फ्रेंच नाव जेन, तिथून येणारं जाड कापड ते जीन. आणि डंगरी हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. दोन बंदरं, दोन जाडीभरडी कापडं, दोन्ही खलाशी-मजुरांच्या अंगावरची. बिशपांच्या संग्रहालयात निळ्या कापडावर पांढऱ्या रंगाने रंगवलेले येशूच्या यातनांचे पडदे आहेत, सोळाव्या शतकातले. त्यांचा निळा रंग बघून तो स्वतःच ओळखेल.

सान लोरेन्झोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कॅथेड्रलमध्ये एक तोफगोळाही आहे. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश नौदलाने शहरावर मारा केला, तेव्हा छत फोडून आत पडला आणि फुटला नाही. धाकट्याला तो दाखवा.


प्रेषक: सहल समिती
विषय: पेंटेकॉस्टची सहल – नवा आराखडा

नमस्कार मंडळी,

आठवडाभरात १९ उत्तरं आली. १६ जणांनी तिन्ही दिवस जिनोआत राहायला होकार दिला आहे. उरलेल्या तिघांना रविवारी समुद्राकाठची गावं बघायची आहेत. त्यांनी कामोल्यीला जाऊन संध्याकाळी परत यावं, गाडीने तासाच्या आतलं अंतर आहे. स्थानिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारूनच चढा, नाहीतर दंड होतो.

शनिवार दुपार: जुनं बंदर, पालात्सो सान जॉर्जो, मुलांना मत्स्यालय. संध्याकाळी कास्तेल्लेत्तो.
रविवार: लोमेल्लिनी रस्त्यावरचं मॅझिनीचं घर, गॅरिबाल्डी रस्ता, सान लोरेन्झो, दुपारी पाणबुडी.
सोमवार: संग्रहालयं बहुधा बंद असतात, म्हणून सकाळी स्तालिएनो. मग दुपारची गाडी.

हॉटेल प्रिंचिपेजवळचंच बघत आहोत. लिफ्ट आहे की नाही हे फोन करून विचारलं जाईल.

काका, सोमवारी समाधीपाशी तुम्ही प्रस्तावनेतली दोन पानं वाचावीत अशी सगळ्यांची इच्छा आहे. पुस्तक सोबत आणाल का? काकू, जैन मंडळी चार आहेत, थालीपिठांचा हिशेब त्याप्रमाणे करावा. फुलं कोण आणणार तेवढं ठरायचं आहे.

पैसे शुक्रवारपर्यंत खजिनदारांकडे.

– सहल समिती


प्रेषक: बाझेलच्या काकू
विषय: उत्तर: पेंटेकॉस्टची सहल – नवा आराखडा

फुलं आई आणणार म्हणते. दोन हार करणार आहे, एक मॅझिनीच्या आईसाठी.