पेट्रोल टाकीला आतून कोटिंग: इलाज की नवं दुखणं?

पिस्टनराव:
जुन्या गाडीची टाकी गंजली की 'आत लायनर (ओतून चढवायचा आणि वाळून घट्ट होणारा थर) ओता, काम फत्ते' असा सल्ला सर्रास मिळतो. माझा त्याला विरोध आहे. पत्रा धड असेल तर लायनर लागत नाही, आणि पत्रा खलास झाला असेल तर लायनरने तो परत येत नाही. बऱ्याच जुन्या टाक्यांच्या पत्र्याला शिसं-कथिलाची कल्हई असते. आपण ॲसिड ओतून आधी तीच उडवतो आणि तिच्या जागी रंगाचा थर चढवतो! गंज काढा, टाकी कोरडी करा, पेट्रोलने भरलेली ठेवा. बास.

लायनर सुटला की पापुद्रे पिक-अपच्या (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या) जाळीवर जाऊन बसतात. सावकाश चालवताना कळतही नाही. चढावर पेट्रोल कमी पडून गाडी गचके खाते. दहा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा सुरळीत, कारण ओढ थांबताच पापुद्रा जाळीवरून खाली पडतो. लोक मात्र कार्बोरेटर खोलत बसतात. दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

दोनास_एक:
लक्षण अचूक सांगितलंत, निदान चुकलं. लायनर सुटतो तो खाली राहिलेल्या ओलीमुळे आणि तेलकटपणामुळे. डिग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं द्रावण) घातलेल्या गरम पाण्याने टाकी दोनदा धुवा. खवले पाडायला सुटे नट टाकू नका, ते बॅफलमागे (टाकीतल्या आडव्या पडद्यांमागे) अडकतात. मीटरभर साखळी टाका आणि तिचं टोक बाहेर बांधून ठेवा. मग पातळ फॉस्फोरिक ॲसिड, तेही नजरेखाली, रात्रभर नाही. हायड्रोक्लोरिक वापरलंत तर क्लोराइड सांध्यांत मुरतं आणि काही तासांत तांबूस गंज परत येतो. शेवटी पाणी ओतून टॉर्चच्या उजेडात बघा: ते सलग पसरायला हवं. थेंब थेंब जमले म्हणजे तेल अजून आहे.

सुकवायला ॲसिटोनने खंगाळता येतं, पण त्यानंतर हीट गन अजिबात नको. साध्या हवेने वाफ पूर्ण उडू द्या.

50-60 लिटरच्या टाकीला साधारण लिटरभर लायनर पुरतो. टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा आणि उरलेला माल पूर्ण निथळून काढा. तळाशी डबकं राहिलं तर वरून साय धरते, आत मऊच राहतं, आणि पुढे तिथूनच पापुद्रा सुटतो. थर ओला असेपर्यंत व्हेंट (टाकीत हवा येण्याची वाट) आणि पिक-अपच्या नळीतून अधूनमधून हवा फुंकत राहा. व्हेंट बुजला तर टाकीत निर्वात तयार होऊन पेट्रोल येईनासं होतं. चार दिवस तरी हात लावू नका.

आणि 'भरलेली ठेवा' म्हणता, ते इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला ठीक. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, म्हणजे गंज लागतो नेमका तिथेच.

पिस्टनराव:
इथेनॉलचा मुद्दा मान्य. पण तोच तुमच्या लायनरवरही उलटतो. जुने स्लॉशिंग सीलर (टाकीत ओतून घोळवायचे जुन्या पद्धतीचे लायनर) अल्कोहोलमध्ये विरघळतात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) चिकटा होऊन बसतात. डब्यावर नुसतं 'इपॉक्सी' लिहिलेलं पुरत नाही. साधी, म्हणजे बिसफेनॉल-ए प्रकारची इपॉक्सी इथेनॉलमध्ये फुगून मऊ पडू शकते. नोव्होलॅक प्रकारची इपॉक्सी तुलनेने बरीच टिकते. किती जण हे विचारून घेतात?

झाळकाम:
दोघेही आतच अडकलात. बाहेरून पावडर कोटिंग (भुकटी रंग भट्टीत भाजून चढवणं) करून घेणारे टाकीची वाट लावतात. पावडर भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांवर भाजतात आणि 63/37 कथिल-शिशाची झाळ (सोल्डर) 183 अंशांना वितळते. झाळलेले सांधे भट्टीतच उघडतात. अशा टाकीला बाहेरून दोन भागांची इपॉक्सी प्रायमर, वर रंग, भट्टी नको.

जस्तयुक्त प्रायमर चॅसिसला उत्तम, पण ब्लास्ट केलेल्या उघड्या पोलादावरच. खाली रस्ट कन्व्हर्टर (गंजावर मारायचं रसायन) मारला की जस्ताचा धातूशी संपर्क तुटतो आणि महागडा प्रायमर नुसता करडा रंग उरतो.

टाकीतला गंज काढायला ॲसिड नको असेल तर इलेक्ट्रोलिसिस (पाण्यातून वीज सोडून गंज काढणं) करा. टाकी आधी पेट्रोलमुक्त धुतलेली हवी. चार लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा, टाकीला बॅटरी चार्जरचं ऋण टोक, आत न टेकणाऱ्या साध्या लोखंडी सळईला धन. स्टेनलेस नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात येतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून तोंड उघडं ठेवा आणि चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप काढू नका.

दोनास_एक:
सळईला जो भाग समोर दिसतो तोच नीट साफ होतो. बॅफलमागचा गंज तसाच राहतो. तिथे शेवटी ॲसिडच लागतं.

झाळकाम:
सळई दुसऱ्या भोकातून घाला. सेंडर युनिट (पेट्रोलची पातळी मोजणारा भाग) काढलं की तिथे ऐसपैस जागा मिळते.

पिस्टनराव:
आणि तरीही बॅफलमागे गंज राहिला तर? त्यावरच लायनर ओतणार?

दोनास_एक:
नाही. मग टाकी कापून उघडायची, साफ करायची, परत जोडायची. इथे मी तुमच्या बाजूने.