वृद्धनिवासाबद्दल तक्रार आली, तर चौकशी कुठून सुरू व्हावी?

निशिगंध

निवासी शुश्रूषा केंद्रात कुणी पडलं, कुणाला बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) झाले, की चौकशीत पहिला प्रश्न ठरलेला: त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं? एका आयाला काढून टाकतात, फाइल बंद. मला वाटतं, आधी विचारायला हवं की किती जण होते.

हिशेब करून बघा. स्वतः कूस बदलू न शकणारे दहा जण आहेत आणि दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायचं ठरलंय. जड अंगाच्या माणसाला वळवायला दोघी लागतात. डायपर, चादर, त्वचा लाल झालीय का ते बघणं, हे धरून माणशी दहा मिनिटं. म्हणजे दोन तासांतली शंभर मिनिटं दोघी त्यातच अडकलेल्या. रात्रपाळीला दोघीच असतील, तर मधेच कुणी बेल वाजवली, कुणी एकटंच धडपडत बाथरूमकडे निघालं, की जाणार कोण? आणि तरी चार्टवर दहाही नावांपुढे बरोब्बर १२, २, ४ वाजताच्या खुणा, एकाच पेनाने केलेल्या! असा चार्ट पुरावा म्हणून मान्य होतो, याचा संताप येतो.

ड्यूटी लिस्ट आधीच लिहून ठेवलेली असते, प्रत्यक्षात किती जण आले ते तिच्यातून कळत नाही. पगारपत्रक तपासा. अमेरिकेत २०१६ पासून नर्सिंग होम्सना कर्मचाऱ्यांचे तास पगाराच्या नोंदींशी जुळतील असे कळवावे लागतात, ते उगाच नाही.

वाटसरू

असहमत. ‘माणसं कमी होती’ या वाक्याआड क्रूर माणसं सहज लपतात. इंग्लंडमधलं विंटरबोर्न व्ह्यू आठवा, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीचं खासगी रुग्णालय. २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणात तिथली मारहाण आणि छळ जगाने पाहिला. अकरा जण दोषी ठरले, त्यातल्या सहांना तुरुंगवास झाला. कूस बदलायला वेळ मिळाला नाही हे मी समजू शकतो. असहाय माणसाला मारायला मात्र वेळ होता. तिथे ‘कोण’ हाच पहिला प्रश्न हवा.

निशिगंध

@वाटसरू, मारहाणीच्या तक्रारीत तुमचं म्हणणं मान्य. तिथे त्या व्यक्तीला तत्काळ ड्यूटीवरून दूर करायलाच हवं, चौकशी संपेपर्यंत थांबूच नये. पण त्याच प्रकरणात आतल्या एका वरिष्ठ परिचारकाने आधी व्यवस्थापनाला आणि मग नियामक संस्थेलाही कळवलं होतं. कुणी हललं नाही. तुरुंगात गेले ते वॉर्डातले.

कारभारी

मी असं केंद्र चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. जाहिरात देऊनही रात्रपाळीला माणसं मिळत नाहीत. एजन्सीकडून बदली आली, तर तिला कोणत्या आजोबांना गिळायला त्रास होतो हेसुद्धा ठाऊक नसतं. त्यात तपासणी लागली की सिस्टर दिवसभर कागद काढत बसते. तेवढा वेळ रुग्णांचाच जातो. आणि निनावी तक्रारींत काही निव्वळ सूडाच्या असतात.

किमान तास कायद्याने ठरवण्याच्या मी विरोधात नाही. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ पासून माणशी रोज सरासरी २१५ मिनिटं काळजीचं उद्दिष्ट आहे, त्यातली ४४ नोंदणीकृत परिचारिकेची. पण एवढ्या परिचारिका आणायच्या कुठून, हेही सांगा.

अबोली

@कारभारी, निनावी तक्रार का येते याचा विचार केलात का? तक्रार करणारी मुलगी संध्याकाळी घरी जाते, तिची आई रात्रभर त्याच माणसांच्या हाती असते. नाव दिलं तर उद्या आईच्या बेलला उत्तर मिळेल का, ही धास्ती असते. सूडाची तक्रारही तपासल्याशिवाय सूडाची ठरत नाही.

@निशिगंध, तुमचा सगळा भर कागदांवर आहे. राहणाऱ्यांशी कोण बोलणार? तेही मॅनेजर खोलीत उभे नसताना, आणि रात्री, रविवारी, न कळवता जाऊन. ‘स्मृतिभ्रंश आहे, त्यांचं काय ऐकायचं’ म्हणून अर्ध्या लोकांना वगळतात. आजीला तारीख सांगता येणार नाही, पण एका ठरावीक व्यक्तीने हात लावला की ती अंग चोरते, हे दिसतं ना?

निशिगंध

@अबोली, हे मी लिहायला हवं होतं. पूर्ण सहमत.

@कारभारी, माणसं मिळत नाहीत हे खरं असेल. मग नवे प्रवेश थांबवा. दोघींच्या भरवशावर तिसावा बेड भरायचा की नाही, हा निर्णय तुमच्याच हातात असतो. चौकशीने तोच तपासावा: शेवटचे पाच प्रवेश दिले तेव्हा रात्री किती जण होते?

कारभारी

बेड रिकामा राहिला तर त्या दोघींचा पगारही निघत नाही. मग उरते एकच.

वाटसरू

तसं असेल तर हे नातेवाइकांना प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगा: रात्री किती जण असतात. ते लपवून पैसे घेतलेत, तर ‘कोण’ या माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आहात.