'दत्तक दिलं' लिहायचं नाही, मग काय लिहायचं?

आडवाट: ऑस्ट्रेलियातल्या एका आईचं निवेदन मराठीत आणते आहे. साल १९६७, न्यू साउथ वेल्स, वय १७, लग्न झालेलं नाही. बाळ पोटात असतानाच तिच्या केसपेपरवर 'बीएफए' लिहिलं होतं, म्हणजे हे मूल दत्तक जायचं. प्रसूतीच्या वेळी मध्ये चादर धरली. बाळ तिला दिसूच दिलं नाही. तिचा आग्रह एकच: मला 'रिलिंक्विशिंग मदर' म्हणू नका, मी काही सोडून दिलेलं नाही. 'दत्तक दिलं' लिहिलं की देणारी तीच ठरते. 'त्याग केला' तर नकोच. शिवाय पुढची पंचवीस वर्षं ती मुलाला शोधते आहे, त्याला शोध म्हणू, तपास म्हणू की माग?

रेघोटी: 'सक्तीचं दत्तक' लिहा. वाचणाऱ्याला कळतं.

जुनीवही: कळतं, पण शब्द आतून मोडतो. दत्त म्हणजे दिलेला. मनुस्मृतीतल्या बारा पुत्रांत 'दत्त' वेगळा, विकत घेतलेला 'क्रीत' वेगळा, आईबापांनी टाकलेला 'अपविद्ध' वेगळा. आईपासून हिसकावून आणलेल्याला त्या यादीत नावच नाही. आपल्याकडे १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यानेही प्रत्यक्ष देणं-घेणं झाल्याशिवाय दत्तक होत नाही. चादरीआडच्या मुलीने कधी दिलं?

रेघोटी: आज दत्तक म्हणताना 'दा' धातू कुणाच्या मनात असतो? लोक झाडं दत्तक घेतात, गावं दत्तक घेतात. ती झाडं कुणी दिली? शब्द वापरानेच चालतात.

जुनीवही: झाडाला आई नसते. इथे सगळं भांडणच 'दिलं की नाही' याचं आहे, म्हणून इथे धातू बघायचा. एरवी मीही बघितला नसता.

माजघर: माझे आजोबा पाचव्या वर्षी दत्तक गेले. सगळे 'गेले' असंच म्हणत, जणू ते आपल्या पायांनी चालत गेले. त्यांची आई मात्र शेवटपर्यंत 'माझा मधला नेला' म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, तिचा एक मुलगा वारला. देवानं नेलं म्हणतात ना, तसं. ती ज्याच्याबद्दल बोलते तो समोर ओटीवर बसलेला असायचा, हे मला फार उशिरा कळलं.

आडवाट: 'नेला' अंगावर आलं. पण तिथे काही आयांना बाळ दगावलं असंच सांगितलं गेलं होतं. 'नेलं' लिहिलं तर वाचक गोंधळेल का?

रेघोटी: गोंधळेल. आणि पुढे ती नुसती 'आई' का, 'जैविक आई' का, हेही ठरवावं लागेल.

माजघर: 'जैविक' नको हो. जैविक खत असतं.

जुनीवही: हा वाद तिथे प्रत्यक्ष झालेला आहे. २१ मार्च २०१३ला कॅनबेऱ्यात पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांनी या सक्तीच्या दत्तकांबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली, तेव्हा त्या बायकांना उद्देशून साधं 'आया' म्हणाल्या. त्याच कार्यक्रमात विरोधी पक्षनेते टोनी ॲबट 'जन्मदाते पालक' अशा अर्थाचं बोलले आणि समोर बसलेल्या बायकांनी आरडाओरडा केला. मी तर म्हणेन, विशेषण लावलं की आई अर्धी होते. आई लिहा.

रेघोटी: मग मुलाला वाढवणारीला काय म्हणायचं? तीही आईच. दोघी एकाच वाक्यात आल्या की तुमचं शुद्धत्व अडतं. 'सख्खी आई' हा चांगला रुळलेला शब्द आहे.

माजघर: सख्खी म्हटलं की दुसरी सावत्र झाली. तिने काय केलं बिचारीने?

आडवाट: शोधाचं राहिलंच. १९९०च्या कायद्याने तिथल्या नोंदी उघडल्या. मुलाचं नवं नाव असलेला जन्मदाखला तिला मिळाला, पण त्याने संपर्काला मनाई नोंदवलेली होती. संपर्क करणार नाही अशी सही करून तिने दाखला घेतला. म्हणजे नाव हातात आहे आणि पत्रसुद्धा टाकायचं नाही. त्यानंतर ती जे करते त्याला 'शोध' शोभत नाही.

रेघोटी: 'माग' चोराचा काढतात. ते नको एवढं नक्की.

जुनीवही: 'सख्खा'चा 'सखा'शी संबंध नसावा असं मला वाटतं, त्यावर सवडीने लिहितो. आडवाट, शेवटी काय लिहिलंत?

आडवाट: तूर्त 'माझं बाळ काढून घेतलं गेलं'.

जुनीवही: 'घेतलं गेलं'मध्ये घेणारा लपतो. मुळात कर्ता आहे का?

आडवाट: आहे. 'त्यांनी', प्रत्येक वेळी. ते कोण, ते मात्र तिने एकदाही लिहिलेलं नाही.