गावकीने पुन्हा वाळीत टाकलंय. दंड भरावा की तक्रार करावी?

माहेरवाशीण:
नमस्कार. माझं माहेर दक्षिण रायगडात. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. प्रश्न घरचा आहे, पण दोन महिने डोक्यात जे घोळतंय ते सगळंच लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

१९९६ साली मी नववीत होते. आमच्या वाडीतलं एक घर गावकीने वाळीत टाकलं होतं आणि ऐन पावसाळ्यात त्या घरातली म्हातारी गेली. घरात दोन मुलगे आणि एक जावई, चौथा खांदा नाही. बाबा उठले आणि गेले. त्यांचा गुन्हा तेवढाच. आठ दिवसांनी देवळात बैठक बसली आणि आमचंही घर वाळीत गेलं. वाण्याने मीठ देणंसुद्धा बंद केलं. दळण डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावात जावं लागे. लावणीला माणूस मिळेना.

ते सगळं निभावलं. शिमग्याचं मात्र अजून विसरता येत नाही. आईने अंगण सारवलं, रांगोळी काढली, ओटीचं ताट भरलं. आम्ही दोघं भावंडं धुतलेले कपडे घालून उंबऱ्याशी उभी. शेजारच्या अंगणात ढोल वाजले, पालखी नाचली आणि आमच्या गडग्याला लागून सरळ पुढच्या घरी गेली. खांदा दिलेल्यांत माझा मामेभाऊ होता. त्याची मान खाली होती. आई ताट हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिली.

शेजारी एक काकी होत्या. निजानीज झाली की मागल्या दाराशी दुधाचा तांब्या ठेवून जायच्या. दिवसा विहिरीवर भेटल्या तर आईकडे बघायच्याही नाहीत.

चार वर्षांनी आजोबांनी दंड भरला, देवळात नारळ ठेवला आणि घर पुन्हा गावात आलं. बाबा त्या दिवशी सकाळीच शेतावर निघून गेले ते अंधार पडल्यावर परतले.

आता पुन्हा तेच. या वैशाखात माझा भाऊ वाळीत टाकलेल्या एका घरी लग्नाला जाऊन जेवला. ठराव असा: २५ हजार रुपये दंड आणि देवापुढे माफी. ठराव गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि पाच मिनिटांत भावाला ग्रुपमधून काढलं. खाली अंगठे उमटवणारे बहुतेक मुंबई-ठाण्यात नोकरी करणारे, पदवीधर. त्यातल्या दोघांना मी लहानपणी अभ्यास शिकवलाय.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. म्हणतात, या खेपेला नारळ ठेवायचा नाही. भावाला तिथेच राहायचंय, दोन मुलं तिथल्याच शाळेत आहेत, तो डळमळतोय. काय करावं? आणि दुसरं म्हणजे, परवा पंचहौद मिशनच्या चहाबद्दल, म्हणजे जुन्या पुण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून झालेल्या बहिष्काराबद्दल वाचलं आणि झोप उडाली. इतक्या वर्षांत शाळा आल्या, रस्ते आले, फोन आले. मग हे असं जसंच्या तसं कसं उरतं?

कसबा_पेठ:
ताई, पालखीचं वाचून गलबलून आलं.

पंचहौदाचं म्हणाल तर मला त्यातला चहा तितका महत्त्वाचा वाटत नाही. यादी महत्त्वाची वाटते. १८९० च्या ऑक्टोबरात मिशनमध्ये पुण्यातली नामांकित मंडळी जमली, रानडे आणि टिळकही. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. चारचौघांत नाव जाहीर झालं की माघारीची वाट बंद. तुमच्या ग्रुपवर ठराव आला, त्याचं कामही तेच.

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांची अडचण बघून प्रायश्चित्त घेतलं आणि ते आपल्याला किती लागलं हे त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. पुढच्याच वर्षी हायकोर्टाचे न्यायाधीश झालेल्या माणसाची ही गत.

त्याच्याही आधी, १८४३ मध्ये, श्रीपत शेषाद्री नावाचा मुलगा ख्रिस्ती झालेल्या आपल्या भावाकडे मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. त्याला जातीत परत घ्यावं म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर त्यांच्यावरच बहिष्काराची वेळ आली. तुमच्या बाबांनी खांदा दिला आणि घर वाळीत गेलं, त्यातला क्रम अगदी हाच. पहिल्याला बाहेर काढायचं आणि मग त्याला हात देणाऱ्याला.

अ‍ॅड_कोकण:
कायद्यापुरतं सांगतो. १९४९ मध्ये मुंबई प्रांतात बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा झाला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द केला. पुढे कितीतरी वर्षं या विषयासाठी वेगळा कायदाच नव्हता. त्यामुळे तुमच्या आजोबांनी १९९६ नंतर दंड भरला याचं वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं.

आज आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार नोंदवून घ्यावी लागते. जामीन मात्र मिळतो, तेव्हा पंच दुसऱ्या दिवशी गावात फिरताना दिसले तर खचू नका.

ग्रुपवरच्या ठरावाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट जपून ठेवा. भावाला काढल्याची ओळ त्यात दिसायला हवी. कुणी फोनवर दंड मागितला असेल तर ते रेकॉर्डिंगही ठेवा. आणि दंड भरू नका. भरलात तर पुढच्या घराचा दर ठरतो.

बंदरपाखाडी:
मी आमच्या गावकीत हात वर केलेला माणूस आहे. हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.

२००३ ची गोष्ट. ज्याला वाळीत टाकलं तो माझा शाळासोबती. एका पाटावर बसून भात खाल्लेला. मला त्याची चूक वाटत नव्हती, बैठकीतल्या निम्म्या माणसांनाही वाटत नसावी. पण माझ्या मुलीचं जमत आलं होतं आणि मुलाचा मामा समोरच्या खांबाला टेकून कोण हात वर करतो ते बघत होता. मी हात वर केला. शेजारच्याने माझा बघून केला, त्याच्या पुढच्याने त्याचा बघून.

ताई, हे कसं उरतं म्हणून विचारलंत. आमच्याकडे तरी असं उरलं. गावाबाहेर गेलेल्या पोरांना गावाची आमच्यापेक्षा जास्त गरज लागते, हेही मी पाहिलंय. तिकडे चाळीत नाहीतर बिल्डिंगमध्ये त्यांना कुणी ओळखत नाही. शिमग्याला आलं की मान असतो, पालखीला खांदा असतो. तो जाईल या भीतीने अंगठा उमटतो.

शाळासोबत्याकडे मी पाच वर्षांनी गेलो. त्याने चहा दिला. त्या विषयावर तो बोलला नाही, मलाही बोलता आलं नाही. तक्रार करा. आमच्याकडे कुणी केली असती तर मला हात खाली ठेवायला निमित्त मिळालं असतं.

माहेरवाशीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. बंदरपाखाडी, तुमचं उत्तर मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या मुलीचं लग्न झालं का, विचार."

भाऊ तक्रारीला तयार झाला आहे. सोमवारी मी गावी जातेय, दोघं मिळून पोलीस ठाण्यात जाऊ. स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, भावाला काढल्याची ओळही त्यात आहे.

एक गोष्ट मात्र अजून सुटत नाही. साक्षीदार लागतील. १९९६ ला आणि आता, दोन्ही वेळेला सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या शेजारच्या काकीच आहेत. आता त्या ८० च्या पुढे गेल्यात, मुलगा-सुना गावातच असतात. परवा वहिनी सांगत होती, मागल्या दाराशी पुन्हा तांब्या येऊ लागलाय, हल्ली नात आणून ठेवते. त्यांना साक्षीला बोलवायचं का, हे मी अजून कुणालाच विचारलेलं नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर विचारलं असतं का?