कॉर्व्हेट सी९: थांबू की क्लचची सी७ घेऊन टाकू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी केंटकीत, लुईव्हिलला राहतो. माझ्याकडे २००२ ची कॉर्व्हेट आहे, शेव्हरलेची दोन सीटची स्पोर्ट्स कार. पाचवी पिढी, म्हणजे सी५. सहा गिअर, हाताने बदलायचे, क्लचची. धाकटी लेक याच गाडीवर क्लच शिकली आणि आता ही गाडी तिलाच द्यायचं ठरलंय. माझ्या पुढच्या गाडीसाठी पैसे बाजूला काढून ठेवलेत. २०१९ ची सी७, म्हणजे सातवी पिढी, घ्यावी की अजून न आलेली नववी, सी९, येईपर्यंत थांबावं, इथे अडलोय.

सी९ बद्दल रोज नवीन काहीतरी कानावर येतं. पूर्ण इलेक्ट्रिक होणार, आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन जाणार, १९६३ सारखी दुभागलेली मागची काच परत येणार. यातलं खरं किती धरायचं? एरवी मी अफवा सोडून देतो, पण कॉर्व्हेटच्या बाबतीत ते जमत नाही. इंजिन सीटच्या मागे जाणार ही बोलवा १९७० मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात एक्सपी-८८२ हा मागे इंजिन असलेला नमुना दाखवला तेव्हापासून तरी होती. दर काही वर्षांनी नवा नमुना यायचा आणि गाडी मात्र इंजिन पुढे घेऊनच बाहेर पडायची. लोकांनी आशा सोडली, आणि २०१९ च्या जुलैत सी८ खरंच मागे इंजिन घेऊन समोर आली.

२०२५ मध्ये जीएमच्या (जनरल मोटर्स, कॉर्व्हेट बनवणारी कंपनी) डिझाइन स्टुडिओंनी एकामागून एक कल्पनाचित्रं दाखवली. इंग्लंडच्या स्टुडिओने केलेल्या नमुन्यात छताच्या मधोमध कणा आहे, थेट १९६३ ची आठवण. ऑगस्टमधल्या सीएक्स नावाच्या नमुन्यात चार इलेक्ट्रिक मोटारी, २००० हून जास्त हॉर्सपॉवर. हे नमुने विक्रीसाठी नाहीत असं कंपनीनेच सांगितलंय. दुसरीकडे २०२५ च्या मे महिन्यात जीएमने न्यू यॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या कारखान्यात नव्या पिढीच्या व्ही८ साठी ८८.८ कोटी डॉलर घालायचं जाहीर केलं. ती इंजिनं मोठ्या ट्रक आणि एसयूव्हींसाठी आहेत हे मान्य, तरी व्ही८ संपली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुभागलेल्या काचेचा मोह मला समजतो. जीएमचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांना ती हवीच होती, कॉर्व्हेटचे इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांना नको होती, कारण मागचं दिसत नाही. १९६४ ला ती गेली. तेव्हा काही मालकांनी मधली पट्टी कापून अखंड काच बसवून घेतली, आणि आज लोक तीच पट्टी असलेली गाडी शोधत फिरतात. मागचे चार गोल दिवे १९६१ पासूनचे, सी७ ने तेही चौकोनी करून टाकले. मला ते अजून खटकतात, पण दिव्यांसाठी मी गाडी नाकारणार नाही.

माझी खरी अडचण तिसऱ्या पायडलची, म्हणजे क्लचची आहे. सी८ मध्ये ते नाहीच. मागच्या महिन्यात एका ओळखीच्यांची सी८ चालवली. निघायला मधल्या कन्सोलवरचा एक छोटा खटका ओढायचा, बास. गाडी सुरेख पळते, वळणावर तर माझ्या गाडीच्या कितीतरी पुढे. पण सिग्नलला डावा पाय मोकळाच, उजवा हात सारखा मध्ये जाऊन रिकामा परत येत होता. समोर लांब बॉनेटही नाही. माझ्या सी५ मध्ये संध्याकाळी इंडिकेटरच्या दांडीचं टोक फिरवलं की दोन्ही हेडलाइट घुर्र करत वर येतात, शेजारची पोरं आजही त्यासाठी थांबतात. ते परत येणार नाही हे मी स्वीकारलंय. क्लचचं मात्र अजून स्वीकारता येत नाही.

तर डेट्रॉइटकडे गाड्यांच्या डिझाइनमध्ये काम करणाऱ्या मंडळींना विचारायचंय: नवी पिढी आखताना आधी काय पक्कं होतं? इंजिनची जागा, गिअरबॉक्स की बाहेरचा आकार? इंजिन मागेच राहिलं तर क्लचचा गिअरबॉक्स बसवणं कितपत अवघड? आणि २०१९ ची सी७ घेताना खालून काय काय तपासून घ्यावं?

भर (दोन दिवसांनी): प्रतिसादांबद्दल आभार. "थांबा, वर्ष-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे" असं तिघांनी लिहिलंय. काल बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट म्युझियमला जाऊन आलो, इथून दोन तास. तिथे १९८३ ची एकच पांढरी कॉर्व्हेट आहे. चौथी पिढी, सी४, वेळेत तयार झाली नाही म्हणून त्या सालची गाडी विक्रीला आलीच नाही, चाचणीसाठी बनवलेल्यांपैकी ही एकटी उरली. तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो. शनिवारी सी७ बघायला जातोय, सात गिअरची, करड्या रंगाची. तपासणीची यादी कुणाकडे असेल तर त्याआधी कृपया टाका.