विषय: नाशिकच्या घरचा डीव्हीआर आणि पोर्ट फॉरवर्डिंग

मंडळी, नमस्कार.
कॅमेरे बसवणारा म्हणतोय, परदेशातून बघायचं तर नाशिकच्या राउटरवर ८०, ५५४ आणि ८००० हे पोर्ट (नेटवर्कची क्रमांकित दारं) डीव्हीआरकडे (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) फॉरवर्ड करा. करावेत का? नंबर बदलून ४५०८० वगैरे ठेवला तर चालेल?

उत्तर:
अजिबात नको. फॉरवर्ड केलं की राउटर आड येत नाही. जगातून कुणीही थेट डीव्हीआरच्या लॉगिनशी पोचतो, आणि ते लॉगिनच कच्चं असतं. हाइकव्हिजन या कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीच्या अनेक उपकरणांत २०२१ साली उघड झालेल्या त्रुटीत वेब पोर्टवर एक विनंती पाठवून पूर्ण ताबा घेता येत होता, पासवर्ड न देता. तुमचा सोळा अक्षरी पासवर्ड तिथे काय कामाचा? शिवाय घरातला लॅपटॉपही त्याच नेटवर्कवर.

> नंबर बदलून ठेवला तर चालेल?

लॉगमधला कचरा, म्हणजे आपोआप होणाऱ्या प्रयत्नांच्या नोंदी, कमी होईल, एवढंच. उघडे पोर्ट शोधणारं झेडमॅपसारखं साधन गिगाबिट लाइनवरून सगळं आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) जग एका पोर्टसाठी पाऊण तासाच्या आत चाळतं.

नियम आधीच टाकले असतील तर काढा आणि डीएमझी (बाहेरून येणारं सगळं एकाच उपकरणाकडे सोडणारी सोय) बंद आहे ना बघा. यूपीएनपी मात्र राउटर आणि डीव्हीआर, दोन्हीकडे बंद करा; नाहीतर डीव्हीआर राउटरला सांगून पोर्ट परस्पर उघडून घेतो आणि तुमच्या नियमांच्या यादीत तो बहुधा दिसतही नाही. मग तुमच्या इथून त्या घराच्या पब्लिक आयपीवर एनमॅप (पोर्ट उघडे आहेत का तपासणारं साधन) चालवा, पिंग वगळायचा पर्याय लावून. ‘ओपन’ आलं तर काहीतरी राहिलंय.

उत्तर:
वरचं सगळं मान्य, पण एकही पोर्ट नको हे जरा टोकाचं. वायरगार्ड या व्हीपीएनचा (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा) एक यूडीपी पोर्ट, नेहमीचा ५१८२०, उघडला तरी चालतो. किल्ली चुकीची असेल तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

अडचण वेगळीच येते. राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता दिसला तर कनेक्शन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलाय. तिथे फॉरवर्डिंग चालणारच नाही. मग रास्पबेरी पायवर (छोटा संगणक) टेलस्केल (पोर्ट न उघडता चालणारी व्हीपीएन सेवा) टाका, आयपी फॉरवर्डिंग चालू करा, घरचा सबनेट (घरातल्या पत्त्यांचा गट) जाहीर करा आणि अ‍ॅडमिन पानावर त्याला मंजुरी द्या. ही मंजुरी लोक हमखास विसरतात. दोन्ही घरी १९२.१६८.१ असेल तर पत्ते आपटतात, म्हणून नाशिकचा आधीच १९२.१६८.५७ करून घ्या. डीव्हीआरचा पत्ता हाताने भरलेला असेल तर तोही बदला. आणि त्या पायची की एक्स्पायरी (लॉगिनची मुदत) बंद करा. नाहीतर १८० दिवसांनी तो गप्प होईल, आणि परत लॉगिन कोण करणार, आई-बाबा?

उत्तर:
आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) राहिलं. तिथे नॅट (सगळी उपकरणं एकाच पब्लिक पत्त्यामागे ठेवणं) नसल्यामुळे डीव्हीआरला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळू शकतो. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे का, ते वेगळं तपासा.