विंडोज सेव्हनला ‘लोडर मारणं’: चोरी की नाइलाज?

गोदाकाठ: पंचवटीत माझं लग्नपत्रिकांचं डीटीपी आहे. पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टची श्रीलिपी (डोंगलवाली, म्हणजे यूएसबीला किल्लीसारखी कांडी लावली तरच चालणारी), दोन्ही विंडोज ७ वर. हार्ड डिस्क उडाली. दुकानातल्या पोराने नवी टाकली आणि न विचारता लोडर मारून दिला, म्हणजे विकत न घेतलेलं विंडोज खरं असल्याचं भासवणारा प्रोग्राम. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच विंडोज ७ चे अपडेट थांबवून हात वर केले. जे ते आता विकतच नाहीत, ते चोरलं कसं?

अंबडकर: विकणं थांबलं म्हणून मालकी संपत नाही. कॉपीराइट कायदा, कलम ६३ ब. जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरली तर किमान ७ दिवस कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. तुमचा तर धंदाच.

गोदाकाठ: अहो, कॉम्प्युटरच्या डब्यावर विंडोजचा मूळ स्टिकर आहे! पैसे एकदा मोजलेत.

अंबडकर: मग त्यावरची २५ अक्षरी की टाका की.

गोदाकाठ: पुसली गेलीय. पोरी रोज ओल्या फडक्याने डबा पुसतात.

सातपूरचा_सुनील: कायदा राहू द्या बाजूला. लोडर विंडोजच्या आधी उठतो आणि मदरबोर्डवर ब्रँडेड कंपनीची खूण असल्याचं भासवतो. म्हणजे घराची किल्ली कुणा अनोळखी माणसाकडे. वर ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ हे सांगतातच, तिथेच शंका यायला हवी. वॉनाक्राय आठवतो? त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्च २०१७ मध्ये आला, व्हायरस मे महिन्यात. ज्यांनी अपडेट बंद ठेवले होते ते सापडले, आणि त्यात विंडोज ७ वालेच जास्त.

केटीएचएमचा_पोरगा: काका, विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. फुकट आणि कायदेशीर.

गोदाकाठ: त्यावर माझा डोंगल चालेल? वीस वर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) नेला की जोडाक्षरं फुटतात. ‘चि. सौ. कां.’चं काय होईल ते वधूपित्याला तू समजावशील का? तुळशीचं लग्न लागलं की मला जेवायलाही फुरसत नसते.

अंबडकर: आणि पेजमेकर तरी विकत घेतलंय का?

गोदाकाठ: ते विचारू नका.

सातपूरचा_सुनील: निदान त्या मशीनची नेटची वायर तरी काढा. मेल, व्हॉट्सॲप दुसऱ्या मशीनवर.

गोदाकाठ: वायर आत्ताच काढली. गिऱ्हाईक फोटो पेनड्राइव्हवर आणतात, चालेल.

सातपूरचा_सुनील: पेनड्राइव्ह! काका, अहो काका...